मुलगा वाचत नाही, काय देऊ? नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत क्लब-हाउसच्या कोपऱ्यात दोन लोखंडी कपाटं आहेत. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात ती उघडी असतात. पुस्तक नेताना नोंदवहीत नाव लिहायचं आणि परत करताना ‘शेरा’ या रकान्यात एक-दोन शब्द. शुद्धलेखन कुणी तपासत नाही. मुली बऱ्याचदा वाक्य लिहितात. मुलगे ‘भारी’, ‘बोर’, ‘अर्धं’ एवढ्यावर भागवतात. या रकान्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पालकसभेनं शिकवलं नाही.

आई-बाबांचे प्रश्न मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेही रात्री अकरानंतर, आणि बहुतेक तेच ते. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते आहे.

१. मुलगा अकरा वर्षांचा आहे. एक चांगलं पुस्तक सांगा ना.

नुसत्या वयावरून चपलेचं मापसुद्धा सांगता येत नाही. मी उलट तीन गोष्टी विचारते. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तो पहिलं काय करतो? जेवताना न विचारता कशाबद्दल बडबडतो? आणि कुणी न सांगता शेवटचं काय वाचलं? बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर असला तरी चालेल. ‘काही नाही हो, नुसता मोबाइल’ असं उत्तर आलं, तर मोबाइलवर काय बघतो ते हवं. क्रिकेट बघणारा, साप पकडण्याचे व्हिडिओ बघणारा आणि ट्रेनचे हॉर्न ऐकणारा ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत.

तरीही अंधारात एकच दगड मारायचा तर दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. गोष्टी सुट्या आहेत, एका बैठकीत एक संपते, आणि बोक्या खोडकर असला तरी त्याच्या खोड्यांमागे बहुधा कुणाची तरी कड घेतलेली असते. आमच्या प्रती दोनदा बाइंडिंगला गेल्या आहेत.

२. तो पुस्तकाला हातच लावत नाही. सुरुवात कुठून करू?

पुस्तकापासून करू नका. कोडी, विनोद, चित्रातले फरक शोधा, जादूच्या युक्त्या, अंकातलं एखादं पान, असं काहीतरी जिथे तो रिकामा बसतो तिथे ठेवून द्या: जेवणाच्या टेबलावर, गाडीच्या मागच्या सीटवर. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत आमच्याकडची किमान चार मुलं वाचायला लागली आहेत, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्यांच्या आयांनी सांगितलंय.

दुसरं म्हणजे त्याला वाचून दाखवा. हो, अकराव्या वर्षीही. ‘आता मोठा झालास, स्वतः वाच’ असं आपण दुसरी-तिसरीत म्हणतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. रात्री पंधरा मिनिटं वाचा आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटा. लबाडी आहे खरी. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा यासाठी उत्तम. अशोक जैन यांनी केलेला मराठी अनुवाद रोहन प्रकाशनानं काढला आहे. गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा लहान चुलतभाऊ, त्यामुळे ऐकणाऱ्या मुलाला कथेत उभं राहायला आयती जागा मिळते. एका बाबांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि उरलेलं ‘उद्या’ म्हणून उशीखाली ठेवलं. सकाळी उशीखाली पुस्तक नव्हतं.

३. पुस्तक त्याला झेपेल की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

मधलंच एक पान उघडून त्याला मनातल्या मनात वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तूर्त वाचून दाखवण्याचं. एखादंच बोट मिटलं तर खुशाल घ्या. अपवाद वेडाचा. डायनासोरचं वेड असलेला मुलगा आपल्याला उच्चारता न येणारी नावं धडाधड वाचतो, तिथे बोटं मोजत बसू नका.

४. इंग्रजी माध्यमात आहे. मराठी बोलतो छान, पण वाचताना अडखळतो. मराठी पुस्तकं द्यावीत का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, पण विषय शिकणं वेगळं आणि मजेसाठी वाचणं वेगळं.

अशा मुलाचे कान अकरा वर्षांचे असतात आणि डोळे सात वर्षांचे. डोळ्यांना झेपेल म्हणून चिऊ-काऊची पुस्तकं दिली तर त्याला अपमान वाटतो. कानांना झेपेल म्हणून कादंबरी दिली तर पहिल्या जोडाक्षरांच्या घाटात गाडी बंद पडते. मधले रस्ते आहेत, आणि मी ते सगळे वापरून पाहिले आहेत.

एक, नाटक. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ घ्या, घरात पात्रं वाटा, चेटकीण आजीला द्या. संवाद छोटे असतात, आपली पाळी येईपर्यंत डोळ्यांना दम खाता येतो, आणि बोलीभाषा असल्यानं पुढचा शब्द काय असणार हे कान आधीच सांगतात.

दोन, इंग्रजीत वाचून झालेलंच पुस्तक मराठीत. मंजुल प्रकाशनानं हॅरी पॉटर मराठीत आणलं आहे. गोष्ट पाठ असल्यानं डोळे फक्त अक्षरांशी झुंजतात. आमच्या वहीतला शेरा: ‘हॅग्रिड मराठीत जास्त भारी’.

तीन, माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग, ज्योत्स्ना प्रकाशनाचे. बालगट आणि कुमारगट असे वेगळे आहेत. मराठी साहित्यातले छोटे छोटे उतारे आणि जोडीला सुरेख चित्रं. सलग वाचायची सक्ती नाही, कुठूनही उघडावं.

आणि एक गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही. या मुलांना मराठी आकडे येत नाहीत. एका मुलानं मला विचारलं, ‘काकू, एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन ना?’ गोष्टीत चोराच्या गाडीचा नंबर, खजिन्यापर्यंतची पावलं, सालं असं काही आलं की तो अडतो आणि सांगायला लाजतो. वहीच्या कागदावर एक ते शंभर लिहून बुकमार्क म्हणून पुस्तकात सरकवा. कुणाला कळतही नाही.

वाचताना ‘ळ’ सुधारत बसू नका. तो ‘बाल’ म्हणाला काय नि ‘बाळ’ म्हणाला काय, गोष्ट पुढे गेली पाहिजे.

५. कॉमिक्सला वाचन म्हणायचं का?

म्हणायचं. चित्र आणि फुग्यातला मजकूर दोन्ही जुळवून अर्थ लावणं हे काम आहे, आणि मूल ते आपल्यापेक्षा पटकन करतं. अनंत पैंनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ आणि १९८० साली ‘टिंकल’ सुरू केलं. ज्या बाबांना हा प्रश्न पडतो, त्यांनी स्वतः शिकारी शंभू वाचतच उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या असतात. ‘पण हे नुसतं कॉमिक्सच वाचतं’ अशी तक्रार असेल तर प्रश्न १४ पाहा.

६. विम्पी किड, डॉग मॅन असलं पादण्या-शेंबडाचंच त्याला आवडतं. बंद करू?

नका. दहाव्या वर्षी पादणं हा जगातला सर्वोच्च विनोद असतो आणि जेफ किनी, डेव्ह पिल्की यांना ते पक्कं ठाऊक आहे. या पुस्तकांचा खरा गुण असा की ती संपतात. आयुष्यात पहिल्यांदा दोनशे पानांचं पुस्तक आपण संपवलं, ही भावना त्या मुलाला मिळते. पुढची पायरी विनोदाचीच ठेवा. बोक्या आहेच (प्रश्न १). इंग्रजीत आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आहे. १९३५ सालचं पुस्तक, पण गृहपाठ टाळणं आणि स्वतःचा क्रिकेट क्लब काढणं यात काडीचा फरक पडलेला नाही.

७. आम्ही फास्टर फेणेवर वाढलो. आजच्या मुलांना आवडेल का?

आवडतो, पण आपण देतो तसा नाही. आपण देताना डोळे पाणावून देतो, ‘हे आमच्या लहानपणी...’ अशी प्रस्तावना करतो, आणि पोरगं लगेच सावध होतं. आई-बाबांना इतकं प्रिय म्हणजे नक्कीच बोर.

भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर स्वार आणि मोक्याच्या क्षणी ‘ट्टॉक’ करणारा. वीस पुस्तकं आहेत. मुलांना अडतं ते भाषेपाशी कमी, काळापाशी जास्त. एका मुलानं मला अगदी गंभीरपणे विचारलं, ‘हा गुंडांच्या मागे एकटा का जातो? लोकेशन शेअर का नाही करत?’ मी म्हटलं, त्याच्याकडे फोन नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘कसला लकी.’ तिथून पुढे त्यानं सहा पुस्तकं नेली.

म्हणून देताना एवढंच सांगा की या जगात मोबाइल नाही. बाकी फेणे सांभाळून घेतो. ओळखीची जागा असलेलं पुस्तक आधी द्या. महाबळेश्वरला जाऊन आला असाल तर ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’. चित्रपट (२०१७) आधी दाखवायचा का? दाखवा, पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे, एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर पुस्तकातला शाळकरी पोरगा बघून फसवल्यासारखं वाटतं.

ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ त्या मानानं अवघड जातो. त्यातलं घर, रीतिरिवाज, नाती सगळंच लांबचं झालंय. तो वाचून दाखवावा.

८. त्याला गोष्टी नकोत. ‘खरं काहीतरी दे’ म्हणतो. काय देऊ?

अशा मुलांना आपण उगाचच ‘न वाचणारी’ म्हणतो. वाचनाची व्याख्या आपण गोष्टीपुरती करून ठेवलेली असते. खरं तर हे गिऱ्हाईक सोपं. त्याचं वेड शोधायचं, त्या वेडाची एक जागा ठाण्यात शोधायची, आधी जागा दाखवायची आणि मग पुस्तक.

प्राणी-पक्षी असतील तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. बोटीतून गुलाबी थवा पाहून आलेल्या मुलाच्या हातात त्याच आठवड्यात पुस्तक पडलं पाहिजे. मोठ्या मुलांना मारुती चितमपल्लींचं लेखन निवडून वाचून दाखवता येतं. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘रानमित्र’ आणि विलास मनोहरांचं ‘नेगल’ ही दोन्ही हेमलकशाच्या प्राण्यांची पुस्तकं. बिबट्या माणसांत कसा राहतो हे कळल्यावर कुणी पुस्तक अर्धं टाकत नाही.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, तसं अग्निपंखही म्हणतात. ऐरोलीहून आलेल्या एका चौथीतल्या मुलानं कपाटात ‘अग्निपंख’ पाहिलं आणि आनंदानं घेऊन गेला. डॉ. अब्दुल कलामांचं आत्मचरित्र! आठवड्यानं परत आणलं. शेरा: ‘पक्षी नाही. रॉकेट आहे. ठीक.’

ट्रेनचं वेड असेल तर तुम्ही योग्य गावात राहता. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटून ठाण्यालाच आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला होती. एवढं सांगून रेल्वेचं जुनं वेळापत्रक हातात दिलेला मुलगा मी दोन तास ते वाचताना पाहिला आहे. वेळापत्रक हेही वाचन.

क्रिकेटवाल्यांना द्वारकानाथ संझगिरींचे लेख द्या. खेळाडूंचे किस्से सुटे वाचता येतात. गाड्या, विमानं, इंजिनं यांच्यासाठी मात्र मराठीत चित्रमय पुस्तकं कमीच. तिथे इंग्रजीचा कोश चालवून घ्या आणि रागावू नका.

९. किल्ले आणि शिवाजी महाराज यांचं वेड आहे. ‘श्रीमान योगी’ आणून दिलं, पण पंचवीस पानांपुढे जात नाही.

ते हजार पानांच्या घरातलं, मोठ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. विटेनं दगड फोडायला दिल्यासारखं झालं. आधी एक किल्ला पायाखाली घाला. आसनगावहून माहुली गाठता येतो. १६३६ साली निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज शहाजीराजांनी तिथेच दिली. हे त्या तटावर बसून कळतं तेव्हा वेगळं कळतं. मग प्र. के. घाणेकरांची किल्ल्यांवरची पुस्तकं द्या, एका वेळी एकच किल्ला. आणि ठाण्याचा किल्ला विसरू नका. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. रोज टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या सिटी बसच्या खिडकीतून दिसणारी ती भिंत कुणाची, हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं. ‘श्रीमान योगी’ कपाटावर राहू द्या, चौदा-पंधराव्या वर्षी तो स्वतःच खाली काढेल.

१०. विज्ञानाची आवड आहे. पाठ्यपुस्तकासारखं नको.

बारा वर्षांच्या पुढे जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. ‘यक्षांची देणगी’ पासून सुरुवात करा. त्याआधी त्याला हे सांगा: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं आपली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं पाठवली, म्हणजे आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून. आणि बक्षीस पटकावलं. टोपण नाव आणि सांकेतिक लिपी यावर या वयातल्या मुलांचा जीव असतो, इतकं पुरतं.

त्याहून लहान असेल तर करून बघायची पुस्तकं. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी बनवायची पुस्तकं मराठीतही आहेत (कुठे मिळतात ते प्रश्न १५ मध्ये). काड्यापेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आधी आणून ठेवा, नाहीतर वाचून झाल्यावर घर उलथंपालथं होतं.

११. भुताच्या गोष्टी मागतो. रात्री घाबरेल ना?

थोडं घाबरायलाच मागतो तो. फक्त नारायण धारप किंवा मतकरींच्या गूढकथा हे मोठ्यांचं दालन आहे, दहाव्या वर्षी नको. आधी लोककथांतली भुतं, ब्रह्मराक्षस, चकवा, हडळ द्या. गावच्या आजोबांकडून ऐकलेली गोष्ट लिहून काढायला सांगितली तर एक नवीच भीतिकथा तयार होते. तीन रात्री दिवा लावून झोपला तर पुस्तक परत करा. एक रात्र चालेल.

१२. त्यानं ‘मुलींचं पुस्तक’ म्हणून परत केलं. काय करावं?

मुखपृष्ठ झाका. खरंच. वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलेली पुस्तकं आमच्याकडे ‘गुपित’ या कप्प्यात असतात. कव्हरवर मी फक्त एक ओळ लिहिते. ‘तोत्तोचान’वर लिहिलं होतं: ‘आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा’. नायिका लहान मुलगी आहे हे दुसऱ्या पानावर कळतं, पण तोवर डब्यात बसून झालेलं असतं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात काढलं आहे आणि ते परवडतंही.

१३. ‘श्यामची आई’ प्रत्येक मुलानं वाचलीच पाहिजे ना?

या प्रश्नावर माझ्याशी भांडलेल्या आज्या बऱ्याच आहेत. माझं मत बदललेलं नाही. बक्षीस समारंभात तीन वेळा मिळालेलं पुस्तक मुलगा वाचत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं आणि त्याचे भाग ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे बेचाळीस रात्रींत पाडले. पुस्तकच सांगतंय की मला रात्री ऐका! तसंच वाचा, एका रात्री एक. तेही क्रमानं नको. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई बाहेर काढते, तिथून सुरू करा. तलावात उतरायला घाबरणाऱ्या प्रत्येक मुलाला तो आपला वाटतो. पहिल्याच रात्री आपण रडू लागलो तर मुलगा अवघडून उठून जातो, एवढं सांभाळा.

१४. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो / एकच मालिका वाचतो / कुठलंच पूर्ण करत नाही.

पुन्हा पुन्हा वाचणं ठीक. आपण तेच गाणं हजारदा ऐकतो. एकाच मालिकेत अडकला असेल तर ती चालू ठेवून शेजारी तशाच चवीचं दुसरं ठेवा: कॉमिक्सवाल्याला चित्रं जास्त असलेली कादंबरी, डिटेक्टिव्हवाल्याला फेलूदा. अर्धं सोडणं हाही वाचकाचा हक्क. आमच्या वहीतला सगळ्यात प्रामाणिक शेरा एका सहावीतल्या मुलाचा आहे: ‘अर्धं सोडलं. कुत्रा मरणार आहे.’

१५. ठाण्यात पुस्तकं कुठे मिळतील? आणि फुकट काही?

दर महिन्याला विकत घेत बसू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. सभासदत्व मुलाच्या नावानं काढा आणि कार्ड त्याच्याच खिशात राहू द्या. वर्गणी आणि वेळा आधी विचारून जा. त्या फेरीला मामलेदारची मिसळ जोडली तर पुढच्या वेळी तोच आठवण करतो. तिखट झेपत असेल तर.

विकत घ्यायची तर नौपाड्यातलं मॅजेस्टिक, किंवा गाडी पकडून दादर पश्चिमेला स्टेशनसमोरचं आयडियल. बालसाहित्य हाताळून बघता येतं. जुनी इंग्रजी पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टमध्ये फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. मुलाच्या हातात शंभराची नोट द्या आणि घासाघीस त्यालाच करू द्या. स्वतः भाव पाडून आणलेलं पुस्तक तो वाचतोच. डोंबिवलीला पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांचं आदान-प्रदान भरवते. घरातली तीन ‘श्यामची आई’ तिकडे नेऊन बदलून आणता येतील.

फुकटात: बालभारतीनं ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. हा खरोखरच खजिना आहे. बाबांच्या जन्माच्या महिन्यातला अंक शोधायला सांगा, तिथून पोरगं तासभर बाहेर येत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. या वयासाठी तिसरी-चौथी पातळी. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. नियमित काही यावंसं वाटत असेल तर ‘किशोर’ किंवा ‘वयम्’ची वर्गणी भरा, आणि दिवाळीत ‘साधना’चा बालकुमार अंक घ्या. पाकिटावर मुलाचं नाव घाला. स्वतःच्या नावाचं टपाल हल्ली कुणालाच येत नाही.

१६. ऑडिओबुक ऐकलं तर चालेल? की तो आळस?

चालेल. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. अडखळत वाचणाऱ्यांनी पुस्तक समोर धरून ऐकावं (प्रश्न ४ आणि १९). फोन मात्र दुसऱ्या खोलीत आणि आवाज स्पीकरवर, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला गेम सुरू होतो.

१७. वाचलेल्याचा सारांश लिहून घ्यावा का? निदान प्रश्न तरी विचारावेत?

इथे मी स्वतः पोळले आहे. माझा मुलगा चौथीत भराभर वाचत होता. मी हौसेनं निळ्या पुठ्ठ्याची वही आणली, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, ‘मला काय शिकायला मिळाले’ असे रकाने आखले. सात पुस्तकांच्या नोंदी झाल्या. आठव्याला त्यानं विचारलं, ‘हे वाचलं तर वहीत लिहायला लागेल?’ मी हो म्हटलं. त्यानं पुस्तक शांतपणे परत ठेवलं, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष काही उचललं नाही. वही अजून माझ्याकडे आहे. सातव्या नोंदीत ‘काय शिकायला मिळाले’ पुढे लिहिलंय: ‘काही नाही. मजा आली.’

आमचा शेऱ्याचा रकाना एवढा अरुंद का, ते आता कळलं असेल. विचारायचंच असेल तर ‘कुठवर आलास?’ एवढं विचारा आणि तो सांगू लागला तर हातातलं काम थांबवा.

१८. बारा वर्षांचा आहे, भराभर वाचतो. आता मिलिंद बोकिलांचं ‘शाळा’ मागतोय. देऊ का?

आधी तुम्ही वाचा. नववीतल्या मुलांचं जग आहे, आकर्षण आहे, शिव्या आहेत, पार्श्वभूमीला आणीबाणी आहे. त्यातलं काहीही या मुलांनी शाळेच्या बसमध्ये ऐकलेलं नाही असं नाही. माझा साधा नियम असा की तो ज्यावर तुमच्याशी बोलू शकेल ते द्यावं. बोलणं अवघड वाटत असेल तर एक-दोन वर्षं थांबा आणि तोवर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ द्या. लपवून मात्र ठेवू नका. लपवलेलं पुस्तक अर्ध्या तासात सापडतं.

१९. वाचताना डोकं दुखतं म्हणतो, ओळी चुकतात, ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळतो. टाळाटाळ आहे का?

तसं गृहीत धरू नका. पहिल्यांदा डोळे तपासून घ्या. आमच्याकडच्या दोन ‘आळशी’ मुलांना चश्मा लागला आणि विषय संपला. डोळे ठीक असून पाचवी-सहावीतही हाच गोंधळ असेल, तोंडी हुशार पण लिहिण्या-वाचण्यात खूपच मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. मुंबईत शीव रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. निदान झालं तर शाळेत आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तोवर मोठा टाइप, ओळीखाली पट्टी आणि ऐकण्याची पुस्तकं. चारचौघांत मोठ्यानं वाचायला लावणं आजपासून बंद.

२०. तेरा पूर्ण झाले. आता तुमच्या कपाटाकडे फिरकत नाही. वाचन सुटलं का?

मलाही आधी वाईट वाटायचं. आमच्या वहीत ज्याचे सगळ्यात जास्त शेरे आहेत, तो मुलगा आठवीत गेल्यावर यायचा बंद झाला. लिफ्टमध्ये भेटला तरी कानात इअरफोन. गेल्या महिन्यात शनिवारी सात वाजता कुलूप लावत होते तेव्हा धाकट्या भावाला घेऊन आला. त्याला म्हणाला, ‘खालच्या कप्प्यातलं घे, वरचं बोर आहे.’ मग माझं लक्ष नाही असं बघून वरच्या कप्प्यातलं फेलूदा स्वतःसाठी काढलं. वहीत नाव लिहिलं नाही. मीही मागितलं नाही.